‘बजेट किती धरलंय ताई?’ : घर बघायला गेल्यावर एजंटच्या प्रश्नांना काय सांगायचं

सांगलीत विश्रामबागेत एक टू बीएचके बघायला गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. फोनवर एजंट म्हणाला होता बेचाळीस सांगतायत, पण बसल्यावर मालक जरा मागंपुढं करतील. आत शिरलो, किचनच्या खिडकीतनं ऊन आत आलेलं, ओटा स्वच्छ, आणि सासूबाई तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, "देव्हारा इथं, ह्या कोपऱ्यात." झालं. एजंटनं मोबाईल खिशात घातला, हसला आणि त्यानंतर अर्धा तास मागंपुढंची भाषाच नाही, मालक एक रुपया सोडत नाहीत, आणखी दोन पार्ट्या मागं लागल्यात, तुम्ही आज विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) टाकला तर मी शब्द टाकतो, हेच चालू. आम्ही तो फ्लॅट घेतला नाही. पण त्या दिवशी डोक्यात बसलं की आपण घर बघत असतो तेव्हा एजंट आपल्याला बघत असतो.

त्यानंतर आठ महिन्यांत सांगली-मिरज-कुपवाड मिळून चौदा घरं बघितली आणि प्रश्न जवळपास तेच, नुसते क्रम बदलून. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय, ज्यांची शोधाशोध आत्ता चालू आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी एक सांगते, एजंट वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. त्याला सौदा बसला तरच दलाली मिळते, घरं दाखवत पेट्रोल जाळल्याचं कोण देत नाही. आपल्याकडं बहुतेक वेळा तो दोन्हीकडनं टक्का घेतो, म्हणजे तो तुमचाही माणूस आहे आणि मालकाचाही, खरं बघितलं तर तो सौद्याचा माणूस आहे. एवढं ध्यानात असलं की त्याच्या प्रश्नांचा राग येत नाही, आणि भोळेपणानं सगळं सांगूनही टाकलं जात नाही.

घरातनं निघायच्या आधी

दोन आकडे ठरवायचे. एक आपला खरा शेवटचा आकडा, जो फक्त नवरा-बायकोला माहिती. दुसरा बाहेर सांगायचा आकडा, खऱ्यापेक्षा आठ-दहा टक्के खाली. खरा आकडा काढताना नुसती घराची किंमत धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर ७५. म्हणजे चाळीस लाखाच्या घराला बँकेचे बत्तीस धरले तर खिशातले आठ, आणि त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी (१ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार), वकील, दलाली, शिफ्टिंग, ग्रिल, पंखे. आमचा पहिला हिशोब ह्या वरच्या खर्चातच गडगडला होता. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, नवऱ्यांनो, जरा विचार करा.

दुसरं, कोण बोलणार ते ठरवा. एकच माणूस बोलणार, बाकीच्यांनी बघायचं. सासूबाईंना मी पुढच्या वेळी गाडीतच सांगितलं, आई, आवडलं तर माझा हात दाबा, बोलू नका. त्यांनी एका घरात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. पण बोलल्या नाहीत. पोरांना शक्य असेल तर नेऊच नका, पोरगं "ही माझी रूम" म्हणून पळत सुटलं की संपलं.

आणि तिसरं काम, ह्याला अर्धा तास पुरतो. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्चमध्ये गाव आणि वर्ष टाकून जुने दस्त शोधता येतात, मोफत सेवा आहे. त्यात सूची क्रमांक दोन निघते, तिच्यावर मोबदला किती, सरकारी बाजारभाव किती, क्षेत्र किती ते लिहिलेलं असतंय. त्याच बिल्डिंगमधला किंवा शेजारचा एखादा फ्लॅट कितीला नोंदवला गेला ते कळलं की "ह्या एरियात याच्या खाली मिळतच नाही" ह्या वाक्याची हवा निघून जाते. (कागदावरचा आकडा आणि खरा व्यवहार यात फरक असू शकतो, ते सगळ्यांना माहिती आहे, पण अंदाज येतो.)

आता प्रश्न

"बजेट किती धरलंय?"

हा पहिला, कधीकधी तर नाव विचारायच्या आधी. बाहेरचा आकडा सांगायचा आणि लगेच चेंडू तिकडं, "पस्तीसच्या आसपास बघतोय, ह्या घराचं मालक किती म्हणतायत?" मग तो म्हणणार, "अहो पण वरपर्यंत किती जाल? दोन-चार इकडंतिकडं?" इथं लोक घसरतात, मीही घसरलेय, "बघू, फारच चांगलं असलं तर चाळीस" असं तोंडातनं निघून गेलं आणि तिथून पुढं त्यानं दाखवलेलं एकही घर एकोणचाळीसच्या खाली नव्हतं. उत्तर एकच ठेवायचं, "घर बघून सांगते." चार वेळा विचारलं तर चार वेळा तेच. खोटं बोलायची गरजच नाही, अर्धं उत्तर पुरतं.

"सध्या कुठं राहता? भाड्यानं? कधी सोडायचंय?"

गप्पा मारल्यासारखं विचारतात, चहा पीत पीत. खरा प्रश्न एवढाच असतो की तुम्हाला घाई किती आहे. घरमालकानं मेअखेर खोली खाली करायला सांगितलीय, पोराची शाळा जूनला चालू होणार, हे कळलं की तो मे महिन्याची वाट बघणार. आमच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं होतं की बदली होऊन आलोय, पंधरा दिवसांत घर पाहिजे. पंधरा दिवसांत मिळालं, पण कसं आणि कितीला ते आता सांगत नाहीत. तर उत्तर, "आहे तिथं बरं चाललंय, मनासारखं मिळालं तर बदलू." सूर असा की आज नाही मिळालं तरी बिघडत नाही.

"नोकरी कुठं, पगार किती, लोन पास झालंय का?"

ह्यातला लोनचा प्रश्न योग्य आहे, मालकाला पैसे येणार का नाही ते कळायला पाहिजे. "बँकेशी बोलणं झालंय, अडचण नाही" एवढं सांगा. रक्कम सांगू नका, मंजुरीचं पत्र दाखवू नका, त्या पत्रावरचा आकडा म्हणजे तुमचं बजेटच. पगाराला सरळ म्हणायचं, "ते बँक बघते की." आणि मग तो म्हणतो आमच्या ओळखीचा माणूस आहे बँकेत, दोन दिवसांत करून देतो. असू दे. त्याचं कार्ड घ्या, आपल्या पगाराचं खातं असलेल्या बँकेतही विचारा आणि व्याज, प्रोसेसिंग फी दोन्हीकडची ताडून बघा.

"आणखी कुठली बघितली? दुसरा एजंट कोण?"

नावं सांगायची नाहीत. सांगलीत सगळे एजंट एकमेकांना ओळखतात, मारुती चौकातली बातमी चहा गार व्हायच्या आत विश्रामबागेत येते. "दोन-तीन बघितलीत" बास. बघितली आहेत एवढं मात्र जरूर सांगायचं, म्हणजे आपण पहिल्यांदाच बाहेर पडलेलो नाही हे कळतं.

"आडनाव काय? गाव कुठलं? व्हेज का नॉनव्हेज?"

हा प्रश्न कशासाठी येतो ते सगळ्यांना कळतं, विचारणाऱ्यालाही. भाड्याच्या घराला तर पहिलाच असतो, विकत घेतानाही येतो. मी पहिल्या दोन वेळा निमूट उत्तर दिलं आणि घरी येऊन चिडचिड केली. नंतर एक उत्तर सापडलं, शांतपणे विचारायचं, "सोसायटीचा तसा काही लेखी नियम आहे का? असला तर दाखवा." नसतोच. सहकारी गृहनिर्माण सोसायटीला पुरेसं कारण असल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातच तसं आहे. हे भांडायच्या सुरात नको, माहिती विचारल्यासारखं विचारा. एका मामांनी त्यावर "तसं काय नाय ओ ताई, आपलं सहज" म्हणून विषय बदलला. तरी जिथं शेजारी असले प्रश्न विचारत बसणारे आहेत तिथं राहायचं का, हे ज्याचं त्यानं बघावं. मी नाही म्हणाले.

"आवडलं का?"

दोन शब्दांचा प्रश्न, पण सगळ्यात महागातला. आवडलं असेल तर "बरं आहे" आणि लगेच एक उणं काढायचं, खरं उणं, ओढूनताणून नको. "बरं आहे, पण बेडरूमला पश्चिमेची भिंत आहे, उन्हाळ्यात तापणार." "बरं आहे, पण पार्किंगला गाडी वळत नाही." आवडलं नसेल तर तिथंच स्पष्ट सांगा, त्याचाही वेळ वाचतो आणि पुढची घरं जरा आपल्या मापाची दाखवतो.

आपणच प्रश्न विचारायला लागलं की

हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. एजंट प्रश्न विचारतोय म्हणजे दोरी त्याच्या हातात आहे, आपण विचारायला लागलो की ती आपल्याकडं येते आणि शिवाय माहिती मिळते. पण प्रश्न नेमके पाहिजेत, "पाणी येतं का?" असं विचारलं तर "भरपूर" हेच उत्तर येणार. त्याऐवजी "महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, बोअर आहे का, टाकी कितीची?"

सांगलीत पहिला प्रश्न पुराचा. "२०१९ ला इथं पाणी कुठंपर्यंत आलं होतं?" आलं होतं का असं विचारायचं नाही, कुठंपर्यंत असं विचारायचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २००५ ला आणि २०२१ च्या जुलैतही शहरात शिरलं होतं. एका ठिकाणी एजंट छातीठोकपणे म्हणाला इथं थेंब आला नाही. बोलत बोलत मी पार्किंगमधल्या खांबांकडं बघत होते. खाली छातीपर्यंत रंग नवा, वर जुना फिकट. लाईटचे मीटर सगळे उचलून जिन्याच्या लँडिंगवर बसवलेले, खाली भिंतीत जुन्या बोर्डाची भोकं सिमेंटनं बुजवलेली दिसत होती, आणि कोपऱ्यात लोणा लागून प्लास्टर फुगलेलं. नवऱ्यानं बोट लावलं तर पापुद्रा खाली पडला. काही बोललो नाही, खाली किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा घेतला आणि दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "माझं शटर बुडालं होतं की ओ, बोटीतनं बाहेर काढलं आमाला." असा प्रश्न एजंटला एकदा आणि दुकानदाराला एकदा विचारायचा, दोन उत्तरं जुळली तरच खरं. नदीच्या बाजूला असेल तर घर निळ्या रेषेच्या आत आहे का लाल, तेही विचारा. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बांधकामाला बंदी असते, त्यामुळं तिथल्या घराचा परवाना कसा निघाला ते नीट बघायला लागतं.

दुसरा प्रश्न गुंठेवारीचा. शामरावनगर, संजयनगर, कुपवाडकडं गुंठ्यागुंठ्यानं विकलेले प्लॉट भरपूर आहेत. "गुंठेवारी नियमित झालीय ना, दाखला बघू" असं म्हणायचं. २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. "सगळ्यांचीच तशी हायत ताई" हे उत्तर चालणार नाही, दाखला म्हणजे दाखला. बंगला असेल तर मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, त्यावर बोजा (कर्जाची नोंद) आहे का, फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती. एजंट नेहमी बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप सांगतात, ९५० ऐकून आत गेलं तर ६८० निघतं. मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका, पंधरा फुटी टेप सोबत न्या. टेप काढला की एजंटचं बोलणं आपोआप कमी होतं हा माझा अनुभव.

नवीन स्कीममधला फ्लॅट असेल तर प्रोजेक्टचा आणि एजंटचा दोघांचाही महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर विचारा, प्रोजेक्टचा पी नं सुरू होतो, एजंटचा ए नं, वेबसाईटवर टाकला की सगळं दिसतं. जुन्या घराच्या खरेदी-विक्रीची दलाली करणाऱ्या एखाद्या काकांकडं तो नसेल, तिथं उगाच अडवून धरू नका.

विसार टाका म्हणतात तेव्हा

"दुपारी चारला कोल्हापूरची पार्टी येणार आहे, ते कॅश घेऊनच येतायत." हे वाक्य मी पाच वेगवेगळ्या एजंटांकडनं ऐकलंय, पार्टी कधी कोल्हापूरची, कधी पुण्याची, एकदा दुबईची पण होती. कधी खरंही असेल. तरी उत्तर तेच, "त्यांचं झालं तर झालं, आमच्या नशिबात नव्हतं म्हणायचं." असं म्हटल्यावर संध्याकाळी फोन आला नाही असं एकदाच झालं.

घाईची दुसरी कारणं कॅलेंडरवरनं येतात. पाडवा, दसरा, अक्षय्य तृतीया आली की मुहूर्तावर टोकन द्या. मार्चमध्ये रेडीरेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर), १ एप्रिलनंतर वाढणार म्हणून ३१ मार्चच्या आत करा. नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात हे बरोबर आहे, पण दरवर्षी वाढतातच असं नाही, २०२३ आणि २०२४ ला तसेच ठेवले होते, २०२५ ला वाढले. आणि वाढले तरी त्यामुळं मुद्रांक शुल्कात जो फरक पडेल तो काढून बघा, बऱ्याचदा घाईत न केलेल्या घासाघिशीपेक्षा कमी भरतो. उलट पितृपंधरवड्यात घरं बघा. कोण फिरकत नाही, एजंट मोकळा असतो, निवांत दाखवतो आणि मालकही ऐकायच्या मूडमध्ये असतो. विसार घटस्थापनेला द्या की मग.

द्यायचाच झाला तर चेकनं किंवा खात्यावरनं, पावती घेऊन. पावतीवर मालकाचं नाव आणि सही (एजंटची नाही), घराचा पूर्ण पत्ता, ठरलेली किंमत, किती दिवसांत साठेखत (खरेदीखताच्या आधीचा करार), आणि कागदात खोट निघाली किंवा लोन नामंजूर झालं तर पैसे परत, हे वाक्य पाहिजेच. हे वाक्य लिहायला जो तयार नाही त्याला विसार नाही. बिल्डरकडनं घेत असाल आणि प्रोजेक्ट रेरात असेल तर नोंदणीकृत करार व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांच्या वर तो घेऊ शकत नाही.

"एक नंबरात किती, दोन नंबरात किती?" हा प्रश्नही इथंच येतो, आवाज बारीक करून. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिलेले पैसे कुठल्याच कागदावर नसतात, सौदा मोडला तर मागणार कशाच्या जोरावर? मी सरळ सांगायचे, "आमचं सगळं लोनवर आहे, रोख नाहीच." लोनचं नाव पुढं केलं की वाद होत नाही.

सही आणि आधार

काही ऑफिसांत घर दाखवायच्या आधी एक फॉर्म पुढं करतात, इथं सही करा, नुसतं व्हिजिटचं आहे. वाचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे घर ह्यांच्यामार्फत बघितलं, सौदा झाला तर इतके टक्के दलाली. तेवढं असेल तर गैर नाही, त्यानं दाखवलं तर त्याचा हक्क आहे. पण माझ्या हातात आलेल्या एका फॉर्ममध्ये "अथवा सदर परिसरातील अन्य कोणतीही मालमत्ता" असं होतं, म्हणजे मी पुढच्या गल्लीत दुसऱ्याकडनं घेतलं तरी ह्याला टक्का! ती ओळ पेनानं खोडली, शेजारी सही केली, तारीख आणि त्याच घराचा पत्ता लिहिला, मोबाईलवर फोटो काढला. तो जरा नाराज झाला पण घर दाखवलं. टक्का किती ते फोनवरच ठरवून घ्या, आणि सौदा मोडला तर दलाली द्यायची का तेही.

आधारची झेरॉक्स घर बघताना द्यायची काही गरज नाही. फारच आग्रह असेल तर मास्क केलेलं आधार डाऊनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

नंतरचे फोन

घर बघून आलं की रात्री नऊला फोन, सकाळी आठला मेसेज, दुपारी "मालक विचारतायत ताई". न उचलण्यानं फोन वाढतात, कमी होत नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी एक मेसेज टाकून द्यायचा. माझा ठरलेला होता, कॉपी करून ठेवलेला: "नमस्कार, आज घर दाखवलंत, धन्यवाद. घरात बोलून रविवारी संध्याकाळी कळवते, तोपर्यंत फोन करू नये ही विनंती." आणि रविवारी खरंच कळवायचं, नाही तर नाही. नकार देताना कारण किमतीचं सांगू नका, ते सांगितलं की घासाघीस परत चालू होते आणि जे घर नकोय त्यात आठवडा जातो. न बदलणारं कारण सांगा, मजला, दिशा, रस्ता. "चौथा मजला आहे, लिफ्ट बंद पडली तर आईंना चढवत नाही" यावर कुणाकडंच उत्तर नसतं.

आणि नंबर ब्लॉक करू नका लगेच. आम्ही शेवटी घेतलेलं वारणालीतलं घर ज्यानं दाखवलं, त्याला मी त्याआधी तीन वेळा नाही म्हटलं होतं.